अक्षर नसलेलं पुस्तक

पुस्तकांची परीक्षणं मी आजवर फक्त वाचत आलो. लिहिण्याची वेळ आली नाही, कारण एक तर मी बी.कॉम., आणि दुसरं म्हणजे बँकेच्या काउंटरवर बसून माणसांची परीक्षणं करण्यातच दिवस संपतो. पण गेल्या महिन्यात एक पुस्तक हातात पडलं, आणि दोन रविवार, एक किरकोळ रजा व डाव्या हाताची करंगळी एवढं खर्ची घालून मी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. मराठीतल्या किती कादंबऱ्यांबद्दल मला असं म्हणता येईल?

पुस्तकाला नाव नाही. लेखकाचंही नाही. पानं अठ्ठावीस, किंमत कपाटात समाविष्ट. प्रकाशकाचं नाव मी सांगणार नाही, कारण हप्ते अजून चालू आहेत. विषय : सुट्या फळ्यांचं कपाट घरच्या घरी जोडून खोलीच्या कोपऱ्यात उभं करणे.

या वाङ्मयप्रकाराचं माहेर स्वीडन. तिथल्या इंग्वार काम्प्राड नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने १९४३ साली आयकिया ही कंपनी काढली. पुढे १९५६ साली त्यांच्याकडच्या गिलिस लुंडग्रेन यांना एक टेबल मोटारीत बसेना, म्हणून त्यांनी त्याचे पाय काढले, असं सांगतात. आपल्याकडे एखादी वस्तू रिक्षात मावली नाही तर आपण दुसरी रिक्षा करतो. त्यांनी त्यातून धंदा उभा केला : जोडायचं काम गिऱ्हाइकाचं. २०१८ साली त्यांचं भारतातलं पहिलं दुकान हैदराबादला उघडलं. आमचं कपाट त्यांचं नव्हे, पण पुस्तिकेवर छाप त्याच घराण्याची.

म्हणजे काय, तर आत एकही शब्द नाही. सगळी चित्रं. याचा पहिला फायदा असा की शुद्धलेखनाच्या चुका नाहीत. नायक एक टकलू, गोल चेहऱ्याचा गृहस्थ. अंगावर कपडे नाहीत, (म्हणूनच त्याला कपाट जोडायला एवढी जागा मिळत असावी). पहिल्या चित्रात तो एकटा आहे, दुःखी आहे आणि त्याच्यावर फुली मारलेली आहे. दुसऱ्यात तो एका मित्रासह आहे आणि दोघेही हसताहेत. आमच्याकडे दुसरी व्यक्ती म्हणजे सौ. ती हसत नव्हती.

सुरुवातीची पानं वेगवान आहेत. लाकडी खुंटी भोकात घाला, फळी बसवा, मग ती शर्टाच्या बटणाहून जरा मोठी धातूची चकती अर्धा वळसा फिरवा की आतला बोल्ट आवळला जातो. खिळा नाही, डिंक नाही. पहिली चकती फिरून घट्ट बसली तेव्हा मला कॅश टॅली झाल्याचा आनंद झाला. या आनंदावर परदेशात अभ्यास झालेला आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात तिघा संशोधकांनी दाखवलं की स्वतः जोडलेल्या वस्तूची किंमत माणसाला जास्त वाटते. मात्र वस्तू पूर्ण झाली तरच. हे 'तरच' मला पान चौदावर भेटलं.

त्या पानावर कपाटाच्या चौकटीत दोन तिरपे बाण आहेत, एकमेकांना छेदणारे, आणि बाजूला बरोबरचं चिन्ह. मी त्याचा अर्थ 'फुली मारली आहे, सोडून द्या' असा घेतला. खरा अर्थ, दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे भरले तरच चौकट काटकोनात आहे, आणि मगच पाठीमागचा पत्रा ठोका. पत्रा कसला, जाड पुठ्ठाच तो. मला वाटलं धुळीसाठी असेल. पण चौकटीला सरळ धरून ठेवतो तो हाच. मी तो कसाबसा ठोकला आणि दारं एकमेकांकडे पाहीनाशी झाली, रुसलेल्या व्याह्यांसारखी.

माझी मुख्य तक्रार इथे आहे. हे पुस्तक कशानंतर काय ते सांगतं, पण का ते सांगत नाही. मी लहान असताना आमच्या घरी कपाट करायला मिस्त्री आले होते. आठ दिवस ते रंधा मारत आणि बोलत होते. त्यांच्या बोलण्यातला निम्मा भाग आधीच्या गिऱ्हाइकांची निंदा असे. उरलेला निम्मा मला परवा आठवला : "साहेब, भिंतीवर विश्वास ठेवू नका. कोपऱ्यात दोन इंच सोडा."

मी सोडले नव्हते. आमचा कोपरा माळ्याखाली, जमिनीपासून सात फुटांवर, म्हणजे २१३ सेंटिमीटर. कपाटाची उंची २१०. मी मनात म्हटलं, बसतंय. पण कपाट जमिनीवर आडवं जोडून उभं करायचं तर त्याचा कर्ण फिरतो, आणि ६० सेंटिमीटर खोलीच्या कपाटाचा तो कर्ण भरतो २१८. पायथागोरस मला दहावीत पास करून गेला आणि चाळिशीत नापास केला. शेवटी पलंग स्वयंपाकघरात नेऊन, कपाट माळ्याबाहेर उभं करून आत ढकललं. ते भिंतीला टेकेचना, कारण खाली फरशीची पट्टी पुढे आलेली. आणि भिंतीलगतचं दार अर्धंमुर्धंच उघडायला लागलं, कारण मूठ भिंतीवर आपटते. त्या दारामागे ड्रॉवर. ते चार बोटं बाहेर येऊन थांबत. सुदैवाने दोन्ही कप्प्यांत भोकं सारखी होती, म्हणून ड्रॉवर दुसऱ्या बाजूला हलवले.

मग तो प्रकार झाला. मी चहा घेत होतो. आमच्या सात वर्षांच्या कन्येने तिन्ही ड्रॉवर ओढले आणि सगळ्यात खालच्यावर पाय देऊन ती वरची बाहुली काढायला लागली. "बाबा, कपाट नमस्कार करतंय," ती म्हणाली. मी कप कुठे टाकला ते माहीत नाही. कपाटाला पाठ लावून मी उभा राहिलो, सौ.ने पोरीला उचललं, आणि बराच वेळ घरात कोणीच काही बोललं नाही.

संध्याकाळी अठ्ठाविसावं पान नीट पाहिलं. तिथे एक पट्टी, दोन स्क्रू आणि भिंत : कपाट भिंतीला अडकवा. चित्र अंगठ्याएवढं. ज्यावर पोराचा जीव अवलंबून ते शेवटच्या पानावर, वाचक दमल्यावर! २०१६ साली अमेरिकेत आयकियाने कलंडण्याच्या धोक्यापायी सुमारे दोन कोटी नव्वद लाख ड्रॉवरची कपाटं परत मागवली होती; त्याआधी मुलं दगावली होती. तेव्हा मी ती बातमी वाचून पान उलटलं असणार. संपादक म्हणून माझी एकच सूचना आहे. शेवटचं पान पहिलं करावं आणि त्या टकलूला तिथे बोलू द्यावं, कोणत्याही भाषेत. ही सूचना करताना मला थोडा संकोच होतो, कारण महत्त्वाची गोष्ट शेवटच्या पानावर बारीक टाइपात छापण्याच्या कामी आमच्या बँकेचा हात कोणी धरत नाही.

शेजाऱ्यांचं ड्रिल आणून पट्टी ठोकली. कपाट आता भिंतीला धरून आहे. एक स्क्रू उरलाय. सौ. म्हणते, जादाचा देतात. मी तीन वेळा मोजले, एक जास्तच भरतो. रोज रात्री दिवा घालवण्याआधी मी कपाट एकदा हलवून बघतो.