अबोल्याचा निकाल

पुण्याच्या वाड्यात नवरा-बायकोचं भांडण एकवेळ दडतं. अबोला मात्र तिसऱ्या बिऱ्हाडापर्यंत पोचतो. रमाबाई रानड्यांचं १९१० सालचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ वाचा. लग्न १८७३ चं. त्या ११ वर्षांच्या, माधवराव ३१ चे. रागावले की त्यांचा आवाज चढत नसे, बोलणंच थांबे. न्यायाधीश माणूस, पण घरी आरोपपत्र न वाचताच शिक्षा! बाईंनी रात्री पायांना तूप चोळत वाट पाहायची, माफीही त्यांनीच मागायची. तरी संसार सुखाचा झाला, हे मला पटतं. पण तो अबोला त्या विसरल्या नाहीत. नवरा गेल्यावर ९ वर्षांनी चक्क छापला! पुस्तकातली सगळ्यांत जिवंत पानं तीच. इतरत्र माधवराव देव आहेत. इथं नवरा सापडतो.