अल्पक्षम संगणकावरील खेळ : साधनांची मर्यादा आणि कलेचा घाट

बीजसंज्ञा : संगणकीय खेळ, घाट, लय, ग्रामीण महाविद्यालय, मराठी भाषांतर

प्रस्तावना

संगणकीय खेळ हा साहित्याच्या प्राध्यापकाने अभ्यासावा असा विषय आहे काय, असा प्रश्न सहकारी मित्रांकडून अनेकदा विचारला जातो. या प्रश्नामागे दोन समज असतात. खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय हा पहिला आणि खेळ म्हणजे जुगार हा दुसरा. दुसऱ्या समजाचे उत्तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानेच दिले आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी घालताना या कायद्याने ई-क्रीडा आणि करमणूक-शिक्षणपर खेळ वेगळे काढले. पहिल्या समजाचे उत्तर मात्र समीक्षेलाच द्यावे लागेल.

मेहकर तालुक्यातील जानेफळसारख्या गावात संगणक सर्वसामान्यांपर्यंत पोचला तो प्रामुख्याने २००१ नंतर, एमएस-सीआयटीच्या वर्गांमधून. आजही ग्रामीण विद्यार्थ्याच्या वाट्याला येणारा संगणक बहुधा दोन किंवा चार जीबी स्मृतीचा आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेला असतो. अशा यंत्रावर सुरळीत चालणारे खेळ नाइलाजाने खेळावयाचे खेळ आहेत, की त्यांना स्वतंत्र कलामूल्य आहे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मर्यादेतून सिद्ध झालेला घाट

प्रथम 'टेट्रिस'चा विचार करू. मॉस्को येथील विज्ञान अकादमीच्या संगणन केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी १९८४ मध्ये हा खेळ रचला. 'इलेक्ट्रॉनिका ६०' या त्यांच्या यंत्राला चित्रे दाखविण्याची सोयच नव्हती. त्यामुळे वरून पडणारे तुकडे कंसासारख्या अक्षरचिन्हांनी रेखाटले गेले. म्हणजे कथा नाही, पात्र नाही, चित्रही नाही. तरीही चार दशकांनंतर या खेळाची गोडी कमी झालेली नाही. हे कशामुळे घडते?

बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्यविचार मांडताना संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे सांगितली. ती संगणकीय खेळांसाठी सांगितलेली नव्हती हे उघडच आहे. पण 'टेट्रिस'ला ती लावून पाहिली असता खेळाचे मर्म हाती लागते. तुकडा खाचेत बरोबर बसतो तेव्हा संवाद साधतो. नको तो तुकडा उतरतो तेव्हा विरोध उभा राहतो. पूर्ण झालेली ओळ नाहीशी होते तेव्हा क्षणभर समतोल लाभतो आणि वाढत्या वेगाने तो लगेच ढळतो. रंग, ध्वनी वा चित्र यांची भर घातली तरी या रचनेत मूलतः काहीच बदलत नाही. घाट पूर्ण असला की अलंकार ऐच्छिक ठरतात, हे काव्याविषयी आपण वर्गात शिकवतोच.

दुसरे उदाहरण 'प्रिन्स ऑफ पर्शिया' (१९८९) या खेळाचे. जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाच्या धावण्या-उडी मारण्याचे चित्रीकरण करून त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. या हालचालींनीच ॲपल टू संगणकाची बहुतेक स्मृती व्यापली आणि नव्या प्रतिस्पर्ध्याच्या चित्रांना जागा उरली नाही. तेव्हा राजपुत्राचीच चित्रे तांत्रिक युक्तीने बदलून एक छायापुरुष निर्माण करण्यात आला. आरशातून उडी मारताना तो राजपुत्रापासून विलग होतो. पुढे तो तलवार घेऊन समोर ठाकतो. पण त्याच्यावर केलेला प्रत्येक वार राजपुत्रालाच लागतो. तलवार म्यान केली तरच दोघे एकरूप होतात. स्वतःशी चाललेले वैर शस्त्राने संपत नाही, हा आशय येथे संवादातून सांगितलेला नाही. तो खेळणाऱ्याच्या कृतीतून घडतो. स्मृतीची टंचाई नसती तर कदाचित आणखी एक साधा शत्रू मिळाला असता आणि हा आशय जन्मालाच आला नसता.

मर्यादेचे गौरवीकरण कितपत योग्य?

येथे एक आक्षेप स्वतःच उपस्थित करणे आवश्यक आहे. साधनांच्या अभावातून कला फुलते, हे विधान ज्यांच्याकडे साधने आहेत त्यांच्या तोंडी सोयीचे ठरते. मेकनर यांची मर्यादा त्या काळच्या तंत्रज्ञानाची होती; ती त्यांच्या समकालीनांनाही होती. आमच्या विद्यार्थ्याची मर्यादा आर्थिक आहे. ती त्याच्या समकालीनांना नाही. या दोन मर्यादा एकच मानणे ही समीक्षेची चूक होईल.

ही तफावत एका उदाहरणाने स्पष्ट होते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी' (२०२०) हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला देखणा खेळ. हरवलेल्या भावाचा शोध घेणारी मुलगी त्याची नायिका आहे. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत तिला हिंदी आवाजही मिळाला. परंतु हा खेळ नीट चालण्यास स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागते. परिणामी मॉस्कोत रचलेला खेळ आमच्या प्रयोगशाळेत चालतो, पुण्यात रचलेला चालत नाही. यात त्या कलावंतांचा दोष नाही. जागतिक बाजारात उतरताना दृश्यवैभव ही त्यांची गरज असते. पण जो खेळ आपल्या कथांतून उभा राहिला तो आपल्याच ग्रामीण मुलापासून दूर राहतो, याची नोंद घ्यावीच लागेल.

शेतीचा खेळ आणि शेतीचे वास्तव

कमी क्षमतेच्या यंत्रावर चालणारे सर्वच खेळ जुने नाहीत. एरिक बरोन यांनी सुमारे साडेचार वर्षे एकट्याने परिश्रम करून सिद्ध केलेला 'स्टारड्यू व्हॅली' (२०१६) दोन जीबी स्मृतीवर चालतो. आजोबांचे पडीक शेत वारसाने मिळालेला नायक ते पुन्हा कसतो, हे त्याचे कथासूत्र. अठ्ठावीस दिवसांचा ऋतू, पेरणी, पाणी, कापणी आणि गावकऱ्यांशी जुळत जाणारे नाते यांची वीण अत्यंत सुबक आहे. आनंद देणारा खेळ म्हणून त्याची शिफारस निःसंकोचपणे करता येते.

तथापि सोयाबीन, कपाशी आणि तुरीच्या प्रदेशातील वाचकाला त्यात एक मोठी पोकळी जाणवते. तेथे पाऊस आला की त्या दिवसाचे पाणी देण्याचे कष्ट वाचतात; पाऊस लांबल्याने दुबार पेरणी करावी लागत नाही. क्वचित वीज पडून रोप जाते, कावळे नुकसान करतात. पण मालाचा भाव हंगामात कोसळत नाही आणि कर्ज तर कथेत नाहीच. शेतीतील श्रम आहेत, शेतीतील अनिश्चितता नाही. विदर्भातील शेतकऱ्याच्या मुलाने हा खेळ खेळताना त्याला मिळणारा दिलासा खरा असतो, आणि 'आपल्याकडे असे का नाही' हा त्याच्या मनात उमटणारा प्रश्नही तितकाच खरा असतो. हा प्रश्न वर्गात चर्चेला घेणे म्हणजेच या खेळाची समीक्षा होय.

भाषेचा प्रश्न

'स्टारड्यू व्हॅली' तुर्की आणि हंगेरियन भाषांत खेळता येतो, मराठीत नाही. येथे यंत्राची क्षमता आड येत नाही, आपली उदासीनता येते. २००४ पासून विकसित होत असलेला 'ओपनटीटीडी' हा मोफत व मुक्तस्रोत खेळ जुन्या संगणकावरही उत्तम चालतो. रेल्वेमार्ग टाकणे, स्थानके उभारणे, माल वाहून नेणे हा त्याचा विषय आहे. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी अनेक दशके ऐकत आलेल्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याला त्यात वेगळे कुतूहल वाटावे हे स्वाभाविक आहे. या खेळाचे भाषांतर स्वयंसेवक करतात. मराठी भाषांतराचा आरंभही झाला होता. पण ते बराच काळ अपूर्ण भाषांच्या कप्प्यात पडून राहिले. 'सिग्नल', 'मालडबा', 'फलाट' हे शब्द ज्या भाषेत रुळलेले आहेत, त्या भाषेला हे काम अवघड नव्हते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. अल्पक्षम संगणकावर चालणारे उत्तम खेळ हे दुय्यम खेळ नव्हेत; त्यांचा घाट मर्यादेशी झालेल्या झगड्यातून सिद्ध झालेला आहे. मात्र कलावंताच्या मर्यादेचा गौरव करताना विद्यार्थ्याच्या आर्थिक मर्यादेवर पांघरूण घालता कामा नये. प्रयोगशाळेतील यंत्रे सुधारावीत ही मागणी कायम ठेवूनच आहे त्या यंत्रांवर काय करता येईल हे पाहिले पाहिजे. त्या दृष्टीने मराठी विभागाने संगणक विभागाच्या सहकार्याने एखाद्या मुक्तस्रोत खेळाचे भाषांतर पदवी वर्गाचा प्रकल्प म्हणून हाती घ्यावे, असे सुचवावेसे वाटते. त्यासाठी नवे अनुदान लागत नाही आणि नवा संगणकही लागत नाही.