साक्ष आणि वकिली

शिवाजी सावंतांनी आधी कोर्टात कारकुनी केली, १९६२ ते १९७४ कोल्हापूरच्या राजाराम प्रशालेत शिकविले, पुढे 'लोकशिक्षण' मासिक संपादिले. पैकी कोर्टाचा ठसा मला सर्वांत खोल वाटतो. 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण जणू पिंजऱ्यात येऊन आपापली जबानी देतात. निवाडा वाचकाने करावयाचा. पुराणाकडून इतिहासाकडे वळल्यावर, संभाजीराजांवरील 'छावा'त (१९७९), मात्र लेखक स्वतःच वकीलपत्र घेतो. राजांवरची जुनी किटाळे पुसण्याची ती तळमळ मनाला भिडते खरी; पण कर्णाला लाभलेली उलटतपासणी राजांना लाभत नाही. मुलांच्या हाती दोन्ही पुस्तके अवश्य द्यावीत. निकाल मात्र त्यांचा त्यांनाच लावू द्यावा.