अद्भुत कथेतील सामान्य नायक

अद्भुत कथेचा विचार करताना आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो संभाव्यतेचा. कथेत जे घडते ते घडू शकेल काय, असे आपण विचारतो, उत्तर नकारार्थी आले की ती कथा बालवाचकांच्या स्वाधीन करतो आणि आपण मोकळे होतो. ह्या घाईत दुसरा व आमच्या मते अधिक महत्त्वाचा प्रश्न मागे राहतो. ज्या कथेत राज्ये उलथतात, अमानुष शक्ती वावरतात आणि जगाचे भवितव्य पणाला लागते, तिच्यात नायक होण्याचा अधिकार कोणाचा? ज्याला कुळ नाही, शस्त्रविद्या नाही, वर वा मंत्र नाही, असा साधा माणूस तेथे नायक होऊ शकतो काय? आणि होत असेल तर कशाच्या बळावर?

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात, काळी नदीच्या अरण्यमय खोऱ्यात वसलेल्या गुंद येथून आम्ही हे लिहीत आहोत. कोकणी, कन्नड आणि मराठी ह्या तिन्ही भाषा ह्या मुलखात शेजारी शेजारी नांदतात. आणि महाकाव्य येथे ग्रंथापेक्षा रंगभूमीवरच अधिक भेटते. घाटावर व किनाऱ्यावर यक्षगान, गोवा व दक्षिण कोकणात दशावतार. ह्या दोन्ही खेळांत राजे व राक्षस भरजरी वेषात येऊन भारदस्त वाणीने बोलतात. यक्षगानात त्यांच्या जोडीला एक हास्यगार असतो. तो कधी दूत होतो, कधी द्वारपाल, कधी एखादा भोळा ब्राह्मण. त्याची भाषा रोजच्या व्यवहारातील असते. प्रेक्षक त्याला लगेच ओळखतात, कारण तो त्यांच्यातलाच असतो. पण आख्यान त्याचे कधीच नसते. निरोप पोहोचवून आणि हशा पिकवून तो पडद्याआड जातो. तेव्हा सामान्य माणूस नायक होऊ शकतो काय, हा प्रश्न केवळ साहित्यशास्त्राचा नव्हे. समोर बसलेल्या प्रेक्षकाला त्या आख्यानात पाऊल ठेवता येईल की नाही, असाच तो प्रश्न आहे.

मराठी कादंबरीने ह्याचे जे उत्तर दिले ते पाहण्याजोगे आहे. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये निघाले आणि विधवांची दुःखे त्याने वाचकांपुढे मांडली. त्यानंतर थोड्याच वर्षांत लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) व नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) आली आणि अद्भुतरम्य कादंबरीचा प्रवाह सुरू झाला. पुढे नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने त्याच आवडीच्या वाचकांना दीर्घकाळ मोहिनी घातली. ह्या दोन प्रवाहांनी जणू आपसांत वाटणी करून घेतली. सामान्य माणूस वास्तव कादंबरीकडे गेला. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो!’मधील यमूपर्यंत त्याची परंपरा सरळ पोहोचते. अद्भुताच्या वाट्याला राजपुत्र, राजकन्या, सरदार आणि त्यांचे वैरी आले. परिणाम असा की, सामान्य माणसाला मराठी कादंबरीत प्रवेश मिळाला तो बहुधा दुःख भोगण्यासाठी. साहस करण्याचा मान दुसऱ्यांकडेच राहिला.

अद्भुतरम्य कथांत रानात वाढलेला, गरिबाघरचा म्हणून समजला जाणारा तरुणही आढळतो, हे खरे. परंतु शेवटी एखादी खूण, एखादी मुद्रिका किंवा एखाद्या वृद्ध दाईची साक्ष पुढे येते आणि तो हरवलेला राजपुत्र ठरतो. ह्या युक्तीने वाचक सुखावतो. पण तीत एक प्रतारणा दडलेली आहे. पराक्रम पाहून आपण म्हणत होतो की, साधा माणूसही हे करू शकतो. कथा अखेरीस सांगते की, हे त्याने केले कारण तो साधा नव्हताच. सामान्यत्व हा केवळ वेष होता, तो उतरताच नायक प्रकट झाला! जन्मरहस्याच्या जागी भविष्यवाणी, दैवी निवड किंवा उपजत सिद्धी ठेवली, तरी हिशेब तोच राहतो. पात्राने काय केले ह्यापेक्षा ते मुळात कोण होते, ह्यालाच अशा कथांत किंमत असते.

ह्या कोड्याचा सर्वांत विस्तृत विचार विसाव्या शतकात ज्या ग्रंथात झाला, तो इंग्रज भाषापंडित टोल्किन यांचा ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ होय. तो १९५४ व १९५५ ह्या दोन वर्षांत तीन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यांनी राजपुत्राला हाकलून दिलेले नाही. अरागॉर्न हा आपल्या ओळखीचाच अज्ञातवासातला राजा आहे. मोडलेली तलवार व वंशाचा पुरावा, सगळे त्याच्यापाशी आहे. पण कथेचा भार त्याच्या खांद्यावर नाही. जगाला गुलाम करू शकणारी अंगठी अग्निपर्वतात टाकण्याचे काम पत्करतो फ्रोडो. तो शेतीभाती, बागा आणि वेळच्या वेळी जेवण ह्यांपलीकडे महत्त्वाकांक्षा नसलेल्या एका ठेंगण्या जमातीतला आहे. सभेत थोर थोर मंडळी बसलेली असताना तो आपण होऊन पुढे येतो. वाट ठाऊक नसल्याचेही तो कबूल करतो. त्याला नाही म्हणता आले असते, आणि तेथे कोणी त्याला दोषही दिला नसता. आमच्या मते सामान्याच्या नायकत्वाची पहिली अट येथे दिसते: नकाराची वाट मोकळी असताना केलेला स्वीकार.

दुसरी अट सॅम ह्या पात्रात दिसते. तो व्यवसायाने माळी आणि फ्रोडोचा सेवक. धनी मेला अशी समजूत झाल्यावर सॅम अंगठी आपल्याकडे घेतो, आणि ती त्याला लगेच स्वप्न दाखवते. तो महाबली योद्धा झाला आहे, सैन्ये त्याच्या हाकेला येत आहेत, उजाड प्रदेशाचे त्याच्या आज्ञेने उद्यान झाले आहे. मोह कसा बेतलेला आहे पाहा. माळ्याला सोन्याचा मोह दाखवून उपयोग नव्हता. त्याला बागेचाच दाखवावा लागला, फक्त राज्याएवढा मोठा करून. सॅम त्यातून सुटतो तो धन्यावरील प्रेमाने आणि एका अगदी साध्या जाणिवेने. आपल्या दोन हातांनी राखता येईल एवढी छोटी बाग आपल्याला पुरे, हे त्याला ठाऊक आहे. ज्या लहानपणामुळे तो नायक होण्यास अपात्र वाटत होता, तेच त्याला वाचवते. पुढे तो घरी परततो, उजाडलेल्या गावात झाडे लावतो आणि सात वेळा नगराध्यक्ष म्हणून निवडून येतो. संकटाच्या शिखरावरही तो माळीच राहिला. दुसरे कोणी होण्याचे त्याने नाकारले. हीच दुसरी अट.

येथे एक आक्षेप संभवतो. ही सर्व साधेपणाची भाबडी स्तुती नव्हे काय? जगातील दुष्टता एखाद्या माळ्याच्या समाधानी वृत्तीने हटत असती तर आणखी काय हवे होते! आक्षेप वजनदार आहे, पण खुद्द ग्रंथातच त्याचा विचार झालेला आहे. अग्निपर्वताच्या कड्यावर पोहोचल्यावर फ्रोडो हरतो. अंगठी टाकण्याऐवजी तो ती आपली म्हणून घोषित करतो. तिचा नाश होतो तो गॉलम ह्या तिच्याच पायी भ्रष्ट झालेल्या जिवामुळे. तो ती हिसकावतो आणि तोल जाऊन आगीत पडतो. परंतु गॉलम तेथवर जिवंत पोहोचला, कारण आधी बिल्बोने, मग फ्रोडोने आणि अगदी शेवटी सॅमनेही त्याला मारण्याची संधी असता सोडून दिले होते. सामान्यांचे बळ शेवटी अपुरे पडले. त्यांनी पूर्वी दाखविलेली दया मात्र कामी आली. शिवाय शत्रूची दृष्टी दुसरीकडे वळावी म्हणून राजा अरागॉर्न तुटपुंज्या सैन्यानिशी वैऱ्याच्या दारात जाऊन उभा राहतो. राजाचे थोरपण येथे त्या दोघांना वाट मिळवून देण्यासाठी खर्ची पडते. हे सारे १९१६ च्या सोमच्या रणभूमीवर प्रत्यक्ष लढलेल्या लेखकाने लिहिले आहे, हे विसरता कामा नये. अशा माणसाला भाबडे म्हणणे कठीण.

हे पाहण्यासाठी इंग्रजी ग्रंथापर्यंत जाण्याचे तरी काय कारण, असे कोणी विचारील. कारण इतकेच की, तेथून परतल्यावर आपल्या घरातील एक वस्तू नीट दिसू लागते. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी कोणा मराठी वाचकाला ठाऊक नाही? महादेवाचा गाभारा दुधाने भरावा असे राजाच्या मनात येते. घरात थेंबही न ठेवता सारे दूध देवळात आणावे, अशी दवंडी पिटली जाते. लोक भिऊन दूध आणतात. गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते. घरचे कामकाज उरकून, मुलाबाळांना आणि वासरांना पाजून जे खुलभर दूध उरले, ते ती देवाला घालते आणि गाभारा भरून जातो. राजा पाळत ठेवून तिला पकडतो. ती घाबरते, पण अभय मिळताच कारण स्पष्ट सांगते. तुझ्या आज्ञेने लेकरावासरांचे जीव तळमळले, म्हणून ते दूध देवाला पोहोचले नाही.

आकाराने ही कहाणी दोन पानांची. पण आम्ही सांगितलेल्या दोन्ही अटी तीत पुऱ्या होतात. म्हातारीला कोणी देवीचा अवतार ठरवीत नाही, तिच्या जन्माचे रहस्य उघडत नाही. कहाणी संपल्यावरही ती म्हातारीच असते. चमत्कार घडतो तो तिच्या नित्याच्या घरकामाच्या पोटातून. राजाच्या हुकमाने गोळा झालेल्या सगळ्या गावच्या दुधाला जे साधले नाही, ते स्वेच्छेने दिलेल्या उरलेल्या दुधाला साधले. आणि राजाही तिचे म्हणणे ऐकून आपली आज्ञा बदलतो.

महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातील मुंगुसाची कथा हेच अधिक कठोरपणे सांगते. दुष्काळात उपाशी असलेले एक ब्राह्मण कुटुंब आपले शेरभर सातूचे पीठ अतिथीला देते, आणि त्याच्या सांडलेल्या कणांत लोळून मुंगुसाचे अर्धे अंग सोन्याचे होते. युधिष्ठिराच्या यज्ञात मात्र उरलेले अर्धे सोन्याचे होत नाही. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. घरचा कर्ता सर्वांच्या वतीने दान करून मोकळा होत नाही. तो, पत्नी, मुलगा व सून असे चौघे आपापला वाटा स्वतः पुढे करतात, आणि सुनेचा वाटा घेताना सासऱ्याला संकोच वाटतो. त्याग ज्याचा त्याने करावयाचा असतो. दुसऱ्याने त्याच्या नावावर तो लिहून चालत नाही.

ही गोष्ट आम्ही आग्रहाने सांगतो, ह्याला कारण आहे. आमच्या ह्या तालुक्याचे ठिकाण पूर्वी सुपा हे होते. काळी नदीवरील धरणाच्या जलाशयात ते गाव बुडाले, तालुक्याचे ठिकाण जोयड्याला गेले आणि अनेक विस्थापितांना रामनगर येथे नवी वस्ती मिळाली. अशा लोकांविषयी बोलताना ‘थोर त्याग’ हा शब्दप्रयोग सहज तोंडी येतो. तो गौरवासाठीच वापरला जातो. पण ज्याला नाही म्हणण्याची सोय नव्हती त्याच्या हानीला त्याग म्हणणे, म्हणजे दवंडीच्या दुधाला नैवेद्य म्हणणे होय. धरण असावे की नसावे हा ह्या लेखाचा विषय नव्हे. शब्दांचा उपयोग नीट व्हावा, एवढेच आमचे म्हणणे. सामान्यांना नायक म्हणण्याची भाषा जेव्हा राजाच्या तोंडी येते, तेव्हा साहित्याच्या अभ्यासकाने विशेष सावध असले पाहिजे.

तात्पर्य, सामान्य पात्र अद्भुत कथेत नायक होते ते सामर्थ्य मिळाल्याने नव्हे, उच्च कुळ उघडकीस आल्याने नव्हे, आणि केवळ सोसल्यानेही नव्हे. नाकारता येण्यासारखे ओझे ते आपण होऊन उचलते आणि ते वाहताना आपले माळीपण, आपले म्हातारपण, आपली घरची कामे सोडून देत नाही, म्हणून ते नायक होते. मराठी अद्भुत कादंबरीला हे अद्यापि पुरते साधलेले नाही. कहाणीला मात्र फार पूर्वीच साधले. आपल्याकडे जो कोणी मोठ्या विस्ताराची अद्भुत कथा लिहू पाहील, त्याने राजपुत्र व तलवारी खुशाल आणाव्यात. मात्र यक्षगानातील तो हास्यगार निरोप सांगून परत फिरू लागला की, त्याला क्षणभर थांबवावे आणि पुढची वाट तो चालेल काय, असे विचारावे. तो नाही म्हणाला तर त्याला सन्मानाने जाऊ द्यावे. हो म्हणाला, तर मराठीला तिचा नवा नायक मिळेल.