रघुवंशाचा तेरावा सर्ग आणि परतीचें विमान

प्रवासवर्णनें लिहिणारे आपले लेखक जातांनाच्या वाटेवर जेवढी शाई खर्च करतात, तिचा दशांशही परतीच्या वाटेवर करीत नाहींत. बंदर सुटलें, किनारा दिसेनासा झाला, येथून आरंभ; आणि शेवटीं सुखरूप घरीं पोंचल्याचें सांगून वाचकाची बोळवण. गोडसे भटजी हा एक सन्माननीय अपवाद. बंडाच्या धामधुमींतून वांचून वरसईस परतणाऱ्या त्या भिक्षुकाजवळ गंगेची कावड होती, आणि आईबापांना त्या पाण्यानें स्नान घडेपर्यंत 'माझा प्रवास' या ग्रंथाचें काम संपत नाहीं.

परतीचा प्रवास हाच काव्याचा विषय करणारा आपला मोठा कवि म्हणजे कालिदास. 'रघुवंशा'चा तेरावा सर्ग हा लंकेहून अयोध्येपर्यंतचा विमानप्रवास आहे. चौदा वर्षांनीं घरीं जाणारा नवरा शेजारीं बसलेल्या बायकोला खालची भूमि दाखवीत आहे, एवढेंच त्याचें कथानक. हा सर्ग मीं वर्गांत वर्षानुवर्षें शिकविला. परंतु गेल्या वर्षीं दिवाळीसाठीं मुलीबरोबर अमेरिकेहून मुंबईस येतांना तो मला पहिल्यानेंच नीट कळला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. पंधरा तासांचा तो प्रवास. जेवण आटोपतांच खिडक्यांचीं झापडें ओढून घेण्याची सूचना झाली, दिवे मालवले, आणि पुढच्या खुर्चीच्या पाठीवरील पडद्यावर एक चिमुकलें विमान नकाशावरून मुंगीच्या पावलांनीं सरकूं लागलें. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडियाचें पहिलें विमान मुंबईहून लंडनला निघालें, तें कैरो आणि जिनीव्हा येथें थांबत गेलें होतें. वाटेंत जमिनीला पाय लागण्याचें तेवढें तरी सुख त्या उतारूंना होतें. आम्ही अर्धी पृथ्वी ओलांडली आणि पाहिलें कांहींच नाहीं.

कालिदास तर विमानांत बसलेलाही नव्हता. तरी उंचावरून समुद्र म्हणजे एक लोखंडी चाक आणि तमाल-ताडांच्या वनांनीं काळवंडलेला दूरचा किनारा म्हणजे त्याच्या धारेवर धरलेली गंजाची रेघ, हें त्याला दिसलें. विमान पुढें जातें तसा समुद्र मागें हटतो आणि त्यांतून रानांसह जमीन जणूं बाहेर निघते, हेंही त्याला दिसलें. पुष्पक कधीं देवांच्या, कधीं मेघांच्या, तर कधीं पक्ष्यांच्या वाटेनें उडतें. सीता कुतूहलानें खिडकीबाहेर हात काढते, ढगाला स्पर्श करते, आणि ढग तिच्या हातांत विजेचें दुसरें कंकण घालतो. आमच्या झापडबंद खिडकीशीं बसून हा श्लोक आठवला तेव्हां मला खरोखरच हेवा वाटला.

आम्ही शिक्षक मंडळी या सर्गाची थोरवी भूगोलाच्या अंगानें सांगतों: माल्यवान्, पंपा, गोदावरी, चित्रकूट, प्रयाग, शरयू, असा क्रम फळ्यावर मांडतों. हें मला आतां चुकीचें वाटतें. सर्गाची वाट नकाशानें ठरलेली नसून स्मृतीनें ठरलेली आहे. वाल्मीकीचा राम प्रथम रणभूमि दाखवितो. कालिदासाचा राम तिचें नांवही न काढतां समुद्रापासून आरंभ करतो. तो समुद्र भव्य आहे, पण परका आहे. जनस्थान आलें कीं भाषाच पालटते. येथें तुझें एक नूपुर पडलेलें सांपडलें. माल्यवानाच्या शिखरावर मेघांनीं नवें पाणी आणि मीं आंसवें बरोबरच ढाळलीं. पंचवटींत तूं घड्यानें पाणी घालून वाढविलेलीं तीं आंब्याचीं रोपें. ज्या भूमीवरून माणूस पायांनीं चालला तीच त्याला वरून वाचतां येते. आमच्या विमानांत कोणी खिडकी उघडली नाहीं याचें कारण केवळ झोंप नव्हे. खालीं ओळखीचें असें कोणाचें कांहीं नव्हतेंच. ओडिसिअसही निजलेला असतांनाच ससाण्याहून वेगवान् नौकेनें घरच्या किनाऱ्यावर पोंचतो, आणि जागा झाल्यावर त्याला स्वतःचें बेट ओळखतां येत नाहीं. योगायोग असा कीं, तोही त्या काव्याचा तेरावाच सर्ग. आजच्या उतारूचा खरा पूर्वज तोच.

सर्ग निर्दोष आहे असें मात्र नाहीं. पंचवटीनंतरचे ऋषींच्या आश्रमांचे श्लोक रीतीपुरते आले आहेत. तेथें राम नव्हे, कवीची विद्वत्ता बोलते.

हें सारें मीं मुलीला, ती जागी झाल्यावर, काहीशा उत्साहानेंच सांगितलें. ती म्हणाली, "पण बाबा, राम चालत गेला होता. सीतेला तर त्या वाटेवरून उचलून आकाशांतूनच नेलेलें ना?"

इतक्या वर्षांत हें माझ्या ध्यानांत आलें नव्हतें, याची मला लाज वाटली. पंचवटीपासून लंकेपर्यंतचा भाग सीतेनें एकदां वरूनच पाहिलेला आहे, रावणाच्या हातीं सांपडून. वेलींनीं डहाळ्या वळवून आणि हरिणींनीं दक्षिणेकडे डोळे लावून तुला कोणीकडे नेलें तें मला सुचविलें, असें राम तिला सांगतो. म्हणजे तिचें हरण तो तिलाच जमिनीवरून समजावून देत आहे. सुमारें पासष्ट श्लोक तो बोलतो. सीता एक शब्दही बोलत नाहीं. वाल्मीकीच्या प्रचलित पाठांत ती किष्किंधेवर विमान थांबवून वानरांच्या स्त्रियांना बरोबर घेण्याची इच्छा तरी प्रकट करते. कालिदासानें तेवढेंही ठेवलें नाहीं. ही मितव्ययाची कला, असें मी विद्यार्थ्यांना सांगत आलों. आतां वाटतें, तें मौन त्यानें जाणूनबुजून ठेवलें. कारण सर्गाच्या अखेरीस शरयू आई होऊन लाटांच्या हातांनीं जवळ घेते ती रामाला, आणि चौदाव्या सर्गाच्या आरंभीं सीतेचें तोंड उघडतें तें सासवांपुढें, पतीला क्लेश देणारी अभागिनी तीच मी, असें सांगण्यासाठीं. सासवा तिला उठवितात आणि तिच्याच शुद्ध आचरणानें तो तरला असें म्हणतात. परंतु त्याच सर्गांत लोकापवाद रामाच्या कानीं येतो, आणि लक्ष्मण तिला रथांत बसवून नेतो. वाटेंत दिसणारे रम्य प्रदेश पाहून, पतीला आपली आवड किती कळते, या विचारानें ती आनंदित होते.