आमच्या वाङ्मयांतील गारदी

शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला, ती ३० ऑगस्ट १७७३ ची दुपार मराठी माणसास घरांतल्या घटनेसारखी परिचित आहे. ‘काका, मला वाचवा’ ही हांक आणि ‘ध’चा ‘मा’ ही आख्यायिका मुलांच्याहि तोंडीं आहे. परंतु त्या दिवशीं ज्यांच्या हातीं तरवारी होत्या, त्या गारद्यांना आमच्या वाङ्मयानें न्याय दिला काय, असें विचारलें, तर उत्तर समाधानकारक येत नाहीं. न्याय म्हणजे क्षमा नव्हे. न्याय म्हणजे कारणांचा शोध.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें ‘भाऊबंदकी’ (१९०९) हें नाटक या प्रसंगावरील कृतींत अग्रगण्य होय. राघोबादादांचें चंचल मन, आनंदीबाईंची महत्त्वाकांक्षा आणि रामशास्त्र्यांचा निःस्पृह बाणा यांच्या संघर्षाचें त्याचें सामर्थ्य वादातीत आहे. मात्र ज्या परंपरेंत तें उभें आहे, तींत गारदी हा केवळ दुसऱ्याच्या हातचें हत्यार असतो. दोष एका अक्षरावर आणि एका स्त्रीवर लोटला, कीं बाकीचे सारे सुटले! वस्तुतः अक्षर फिरविलेला तो मूळ कागद आजवर कोणीं पुढें ठेविलेला नाहीं. उलट, गारदी वाड्यांत शिरले ते थकलेल्या पगाराची ओरड करीत, असें इतिहास सांगतो. ती ओरड सबब असेल. पण ती सबब ऐकणाऱ्यांस खरी वाटण्याजोगी होती, यांतच त्या राज्यव्यवस्थेचें वर्म आहे.

याच पेशाचा दुसरा पुरुष पाहा. पानिपतावर इब्राहिमखान गारदी भाऊसाहेबांच्या बाजूनें लढला आणि पकडला जाऊन मारला गेला. शुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेल्या काशीराज पंडितानें या युद्धाची जी हकीकत लिहिली, तींत हा खान आपल्या लोकांच्या दरमहा वेतनाच्या हट्टाची आठवण भाऊसाहेबांस देतो आणि मग रणांत उतरतो. वेतन त्यानेंहि मागितलें, सुमेरसिंगानेंहि मागितलें. आम्हीं एकास हुतात्मा केलें, दुसऱ्यास राक्षस. दोघांच्या मधली पगाराची वही मात्र कोणीं उघडली नाहीं.

आमच्या गोंदियाकडील वाचकांस ही गोष्ट पुण्याची म्हणून परकी वाटूं नये. हा प्रदेश त्या काळीं नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांत होता. १६ डिसेंबर १८१७ रोजीं आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या छावणींत दाखल झाले. परंतु त्यांच्या पदरच्या अरबांनीं नागपूर शहर सोडलें नाहीं. २४ डिसेंबरचा इंग्रजांचा हल्ला त्यांनीं परतविला आणि बायकामुलें व चीजवस्तू यांसह सुखरूप जाऊं देण्याचें वचन घेऊन ३० तारखेस ते बाहेर पडले. धनी शरण गेला, तरी चाकर स्वतःच्या शर्तींसाठीं लढत राहिला! पुढच्याच वर्षीं गोंदियाजवळच्या कामठ्याच्या चिमणा पाटलांनीं बंड केलें आणि इंग्रजी फौजेनें कामठा जिंकून घेतला. या धामधुमींत भाड्याच्या शिपायाचें मन काय म्हणत होतें, हें सांगणारी एकहि मराठी कादंबरी आमच्या वाचनांत नाहीं.

हा विषय जुना झाला असें कोणीं म्हणूं नये. १६ सप्टेंबर २००७ रोजीं बगदादच्या निसूर चौकांत ‘ब्लॅकवॉटर’ या अमेरिकन कंपनीच्या रक्षकांनीं गोळीबार करून १७ इराकी नागरिक ठार केले. जून २०२३ मध्यें येवगेनी प्रिगोझिन यांच्या ‘वॅग्नर’ पथकानें युक्रेनच्या रणांगणाकडे पाठ फिरवून आपल्याच राजधानीची, मॉस्कोची, वाट धरली. वर्तमानपत्रें यांतहि एक खलपुरुष शोधतात. आम्ही ‘ध’चा ‘मा’ शोधला, तसाच.

आमची लेखकांस विनंति एवढीच, कीं गारद्यास रंगभूमीच्या कडेला मशाल धरून उभा न करतां मध्यभागीं आणावें. त्याचा धनी कोण, त्याचें देणें किती थकलें आणि त्याची तरवार कोणाच्या आज्ञेंत, हे तीन प्रश्न त्याच्या तोंडून निघाले, तर प्रेक्षकांस त्याची कींव येईल किंवा न येईल. पण राज्य आपलें रक्षण भाड्यानें घेतें तेव्हां काय गहाण टाकतें, हें त्यांस खचित कळेल.