आगम की आदेश? : दृश्यविघटनाच्या एका सूत्राची चिकित्सा

कँडेस, ली, मा व राइट यांच्या २०११ सालच्या निबंधाच्या शीर्षकाअखेर प्रश्नचिन्ह आहे. ‘दृढ प्रमुख-घटक-विश्लेषण’ हे नाव पुढे रूढ झाले ते मात्र प्रश्नचिन्हावाचून. प्रस्तुत लेखकास ते चिन्ह जागेवर असावे असे वाटते.

सूत्र असे : निरीक्षणाचा मॅट्रिक्स म्हणजे अल्प रँकचा एक भाग अधिक विरळ असा दुसरा भाग. त्यांच्या उदाहरणात विमानतळावरील २०० चौकटी आहेत; प्रत्येक चौकट २५,३४४ बिंदूंचा एक स्तंभ होते. स्थिर पार्श्वभूमी पहिल्या भागात जाते, चालणारी माणसे दुसऱ्यात. विशिष्ट अटींखाली हे पृथक्करण अचूक ठरते, आणि विरळ भागातील मूल्ये कितीही मोठी असली तरी चालते, हे सिद्धतेचे खरे वैभव होय. पिअर्सनच्या १९०१ मधील पद्धतीस एकच बेताल मूल्य भरकटवू शकते.

आक्षेप आहे तो ‘अधिक’ या चिन्हावर. वैयाकरण आगम आणि आदेश यांत भेद करतो. आगम मूळ वर्णाशेजारी येऊन बसतो. आदेश त्याला हटवून त्याची जागा घेतो. भिंतीपुढचा माणूस भिंतीत मिळवला जात नाही, तो तिला झाकतो. तो आदेश होय. सूत्र त्याला आगम म्हणून लिहिते. त्यामुळे विरळ भागात माणूस उतरत नाही, माणूस व भिंत यांची वजाबाकी उतरते. करड्या भिंतीपुढे तितकाच करडा सदरा आला की तेथे शून्य, आणि आकृतीला भोक! तोच माणूस चित्रणभर बाकावर निश्चल बसून राहिला, तर तो पार्श्वभूमीच्या खाती जमा होतो. टेहळणीच्या कामी ही उणीव किरकोळ नव्हे.

सावलीचे प्रकरण निराळे. ती प्रकाशमूल्यास गुणते. लॉगरिदम घेतला की बेरीज परत मिळते. सरकत्या कॅमेऱ्यापुढे तो उपाय चालत नाही, कारण एकाच दृश्याच्या सरकलेल्या प्रती वक्र पृष्ठावर पसरतात व रँक वाढते. लू व सहकाऱ्यांची टेन्सरपद्धती (२०१६) चित्राची परिमाणे शाबूत ठेवते. पण बेरीज तीच. शोलकॉफ, स्मोला व म्युलर यांची कर्नलपद्धती (१९९८) वक्रता सामावून घेते. मात्र तेथील बेरजेशी जुळणारे चित्र अस्तित्वात असेलच असे नाही.

झोउ, यांग व यू यांच्या २०१३ मधील मांडणीत बिंदू झाकला गेला की नाही, हेच स्वतंत्र अज्ञात मानले आहे. त्यात बहिर्वक्रता सुटते आणि तिच्याबरोबर पूर्वीची हमीही. आदेशाला आदेश म्हणून लिहिण्याची ती किंमत आहे, व टेहळणीपुरती तरी ती परवडणारी दिसते.